शिवारातला ससा समोरून टिपायचा तर

माझ्या संगणकावर एक फोल्डर आहे, नाव 'शेपट्या'. सशांच्या मागे लागलो त्या पहिल्या वर्षाची सगळी कमाई त्यात आहे. धुरळा, आडवं झालेलं गवत, हवेत ताणलेले मागचे दोन पाय आणि मधोमध काळी-पांढरी शेपटी. एकाही फोटोत सशाला तोंड नाही. नवीन माणूस शेतात ससा टिपायला जातो तेव्हा बहुतेक वेळा हेच घेऊन परत येतो, म्हणून सुरुवातीलाच सांगून टाकलं.

माझे डोळे उघडले ते मामामुळे. मामाचं रान बारामती तालुक्यात, सुप्याकडच्या जिरायती पट्ट्यात. रोज सकाळी तो विहिरीवरची मोटर चालू करायला एकाच बांधावरून जातो. पांढरा शर्ट, पांढरी टोपी, मध्येच खोकणं, मोबाइलवर गावभर ऐकू जाईल असं बोलणं. त्या दिवशी बांधावरच्या तरवडाखाली ससा बसलेला होता. मामा त्याच्यापासून चार हातांवरून गेला, ससा हलला नाही. मी मागून येत होतो, अंगात झाडपाल्याच्या छापाचं महागडं जॅकेट. ससा दिसला तसा थबकलो, कॅमेरा वर केला. धुरळा. मामा मागे न वळताच म्हणाला, "थांबलास ना, म्हणून उठला."

सशाचा सगळा भरवसा न दिसण्यावर असतो. कान पाठीला चिकटवून तो ढेकळासारखा बसून राहतो आणि अगदी पाय पडायची वेळ आली तरच उठतो. जो आपल्या वाटेनं सरळ चाललाय त्याच्यामुळे उठायचं कारण नसतं. जो थबकतो, टक लावतो, दबकत पुढे येतो, तो कोल्हा असतो किंवा गावातला कुत्रा. दबकत येणारा फोटोग्राफर त्याच्या हिशेबात याच खात्यात जमा होतो. तेव्हा ससा समोरून हवा असेल तर शिवाराच्या रोजच्या रहाटीत खपून जाणारा माणूस व्हायला लागतं. पुढच्या पायऱ्या त्यासाठीच आहेत.

आधी ससा कोणता ते

दुकानात मिळतो तो पांढरा, लाल डोळ्यांचा प्राणी डोक्यातून काढून टाका. तो मूळचा युरोपातल्या, बिळात राहणाऱ्या जातीपासून माणसानं पाळीव केलेला. आपल्या शिवारातला तो भारतीय ससा, शास्त्रीय नाव लेपस नायग्रिकोलिस. या नावाचा अर्थच 'काळ्या मानेचा'. दख्खनमधल्या सशाच्या मानेच्या मागच्या बाजूला, कानांच्या बुडाशी, काळा पट्टा असतो. ससा कान उभे करून पाठमोरा बसला की तो स्पष्ट दिसतो. बाकी अंग करडं-तपकिरी, त्यावर काळे केस मिसळलेले, पोट पांढरं. वजन दोन-तीन किलोच्या आसपास.

छायाचित्रकाराच्या कामाच्या गोष्टी दोन. एक, हा ससा स्वतः बीळ खणत नाही. दिवसभर गवतात, झुडपाच्या बुडाशी किंवा नांगरटीतल्या ढेकळांच्या आडोशाला तो उघड्यावरच, अंगाच्या मापाच्या उथळ खळग्यात बसतो. म्हणजे बिळाच्या तोंडाशी कॅमेरा लावून बसायचा बेत बाद. दोन, त्याचे डोळे डोक्याच्या दोन्ही बाजूंना असल्यामुळे त्याला जवळजवळ चहूबाजूंचं दिसतं, मागचंसुद्धा. 'मागून हळूच जाऊ' हा विचार माणसाबाबत ठीक आहे. सशाची दिसण्यातली खरी अडचण त्याच्या नाकासमोरची थोडी जागा एवढीच, आणि तिथे तुम्ही पोचणार नाही.

रामराम

कॅमेऱ्याची बॅग उघडण्याआधी ज्याचं रान आहे त्याला भेटा. परवानगी तर हवीच, शिवाय सगळी माहिती त्याच्याकडेच असते. माझी पहिली अशी भेट मामाच्या शेजारच्या रानातल्या म्हाताऱ्या अण्णांशी झाली.

"रामराम अण्णा. सशाचा फोटो काढायचाय, रानात बसू का जरा?"

"सशाचा?" अण्णांनी कॅमेऱ्याकडे आणि मग माझ्याकडे पाहिलं. "त्यापरीस माझ्या बैलाचा काढ. उभा तरी राहील."

हसून झाल्यावर मात्र त्यांनी पाच मिनिटांत जे सांगितलं ते मला दोन महिने फिरून कळलं नसतं. हरभऱ्याचे शेंडे कोणत्या कडेला कुरतडलेत, रात्री पाणी द्यायला जाताना बॅटरीच्या उजेडात ससा कुठे आडवा जातो, कोणत्या वस्तीवरची कुत्री त्याच्या मागे लागतात. पिकाचं नुकसान ज्याचं होतं त्याला चोर कुठून येतो हे पक्कं ठाऊक असतं. तुम्ही फक्त ऐकून घ्या, आणि सशाचं कौतुक त्याच्यासमोर बेतानं करा. हरभरा, भुईमूग, वाटाणा, सोयाबीनची कोवळी रोपं यांचा फडशा पाडणाऱ्या प्राण्याला 'किती गोड' म्हणणं त्याला कसं लागेल याचा विचार करा.

आणखी काही प्रश्न विचारून घ्यायचेच: कुंपणाला करंट सोडलाय का, कधी सोडता? फवारणी कधी झाली? कठडा नसलेली विहीर कुठे आहे? रानडुकरांसाठी लावलेली झटक्याची तार पहाटेच्या अंधारात दिसत नाही. उभ्या पिकातून चालायचं नाही, बांधावरूनच जायचं. हरभऱ्यात तर पहाटे अजिबात शिरू नका. पिकाचं नुकसान होतंच, वर पानांवरची आंब पॅंटला आणि बुटांना लागते.

खुणा वाचा, ससा नंतर

पहिले दोन-तीन दिवस कॅमेरा घरी ठेवला तरी चालेल. नुसतं बांधानं फिरा. बघायचं ते असं.

लेंड्या. ही सगळ्यात सोपी आणि खात्रीची खूण, फक्त शेळीच्या लेंड्यांशी गोंधळ व्हायला नको. शेळीची लेंडी लांबट, काळपट, गुळगुळीत, बऱ्याचदा एका टोकाला निमुळती, आणि ढिगानं पडलेली. सशाची गोल, किंचित चपटी, मोठ्या काबुली चण्याएवढी, आणि इथे चार तिथे सहा अशी विखुरलेली. बोटांनी चुरडली तर आत भुस्साच असतो, गवताच्या काड्यांचा. घाण वाटून घेऊ नका, वाळलेल्या लेंडीला वासही नसतो. ताजी लेंडी गडद आणि ओलसर असते, जुनी उन्हानं पिवळट-पांढुरकी होते. एकाच जागी दोन्ही दिसल्या तर ससा तिथे रोज येतो असं समजा. ही खूण सापडली की अर्धं काम झालं.

कुरतडलेली टोकं. शेळी-मेंढी गवत ओढून तोडते, टोक फाटतं. ससा कात्रीनं कापल्यासारखं तिरकं छाटतो. हरभऱ्याच्या किंवा तुरीच्या कोवळ्या फांद्या जमिनीपासून वीतभर उंचीवर अशा तिरक्या छाटलेल्या दिसल्या की गुडघ्यावर बसून जवळून बघा.

पावलं. पाणंदीतल्या किंवा गाडीवाटेच्या मऊ फुफाट्यात सकाळी लवकर पाहा, बैलगाडी नाहीतर ट्रॅक्टर जायच्या आत. चार ठशांचा एक गट असतो: दोन लहान ठसे एकामागे एक, आणि त्यांच्या पुढे दोन लांबट ठसे शेजारी-शेजारी. तळव्यांवर दाट केस असल्यामुळे कुत्र्यासारख्या गाद्या उमटत नाहीत. नवखा माणूस इथे हमखास फसतो, कारण पुढचे लांबट ठसे मागच्या पायांचे असतात. उडी मारताना ससा मागचे पाय पुढच्यांच्या पलीकडे नेऊन टेकवतो. मी एकदा अर्धा तास एका सशाचा माग काढला आणि शेवटी तो जिथून आला होता तिथे पोचलो.

शेवटची खूण म्हणजे बसायचा खळगा. झुडपाच्या किंवा गवताच्या ठोंबाच्या बुडाशी, वाऱ्याच्या आडोशाला, साधारण फूटभर लांब, गुळगुळीत दबलेली जागा. मागची बाजू जरा खोल, कारण सशाचं मागचं अंग तिकडे असतं. खळगा सापडला तर तिथे थांबू नका. हात लावू नका, फोटो काढू नका, चालत राहा. जागा लक्षात ठेवायला दूरवरचा विजेचा खांब, बाभळ असं काहीतरी धरा. खळग्यापाशी तुमची लुडबुड झाली तर ससा जागा बदलेल, आणि तुमचे तीन दिवस वाया जातील.

कधी जायचं

घड्याळ सोपं आहे. ससा संध्याकाळी खायला बाहेर पडतो, रात्रभर चरतो आणि उजाडताना आपल्या बैठकीला परततो. उजेडाची आणि सशाची गाठ पडते ती सूर्योदयाच्या आगेमागे आणि सूर्यास्ताच्या आगेमागे, जेमतेम तासभर. जानेवारीत आमच्याकडे सात-सव्वासातला सूर्य उगवतो, तेव्हा साडेसहालाच जागेवर बसलेलं असायला हवं. मला स्वतःला सकाळ आवडते. संध्याकाळी ससा उठतो तेव्हा उजेड संपत आलेला असतो, सकाळी तो वाढत जातो. ढगाळ दिवशी मात्र ससा उशिरापर्यंत रेंगाळताना दिसतो, ते दिवस सोडू नका.

वर्षाचं गणित पिकाच्या चालीनं मांडावं लागतं. नवखे 'कुठे' विचारतात, 'कुठलं पीक आता कुठल्या अवस्थेत आहे' हे विचारत नाहीत.

पावसाळ्यात सगळीकडे हिरवं, गवत गुडघाभर. ससे असतात, पिल्लंही याच दिवसांत अधिक, पण दिसत काही नाही. हा काळ ओळखीपाळखी करायला बरा. बाजरी निघाली की चित्र थोडं उघडतं. खरा मोसम सुरू होतो तो जानेवारी-फेब्रुवारीत, शाळू, म्हणजे रब्बीची ज्वारी, निघायला लागतो तेव्हा.

शाळवाचं उभं रान म्हणजे सशासाठी पुरुषभर उंचीचं जंगल. काढणी एका कडेनं सुरू होते आणि हे जंगल दिवसागणिक आकसत जातं. ससा आत आत सरकतो. शेवटच्या चार पाती, म्हणजे उभ्या पिकाचे पट्टे, उरल्या की काढणाऱ्या बायकांनाही माहीत असतं, आता उठणार. कोणीतरी "आला गं!" म्हणून ओरडतं आणि तो धाटांतून बाहेर पडून नागमोडी वळणं घेत बांधाच्या पलीकडे जातो. हे बघायला फार छान वाटतं. फोटोसाठी मात्र हा सगळ्यात वाईट क्षण. मी एकदा मुद्दाम शेवटच्या पातीच्या टोकाला कॅमेरा लावून बसलो होतो. ससा माझ्याच दिशेनं आला, मला बघून उजवीकडे वळला, आणि उजवीकडे वस्तीवरचं कुत्रं उभं होतं. पुढचं लिहीत नाही. तो वळला होता तो माझ्यामुळे. तेव्हापासून काढणीच्या दिवशी मी रानात कॅमेरा नेत नाही.

जायचं ते दोन-तीन दिवसांनी. शाळू निघालेलं रान आता मोकळं, नुसते सड, म्हणजे कापलेल्या धाटांचे खुंट, उभे, मध्ये पेंढ्यांची बुचाडं. शेजारी हरभरा किंवा करडई असेल तर उत्तमच. विस्थापित ससा लांब जात नाही, आपल्या ओळखीच्या परिसरातच बांधाच्या झुडपात मुक्काम हलवतो आणि संध्याकाळी सडांमधून चरायला येतो. आता त्याला आडोसा कमी आणि तुम्हाला नजर मोकळी. मार्च-एप्रिलमध्ये हे आणखी सोपं होतं, कारण हिरवं काही उरतच नाही. जिथे पाणी देऊन केलेला घास (जनावरांचा हिरवा चारा), मका किंवा भाजीपाला असेल त्या कडेला ससे येणारच. उन्हाळ्यातले माझे बहुतेक फोटो एकाच घासाच्या वाफ्याच्या कडेचे आहेत.

ऊसपट्ट्याबद्दल एक ताकीद. जुन्नर, आंबेगाव, शिरूर या भागात उसात बिबट्या असतो, ही काही गोष्टीतली भीती नाही. अशा ठिकाणी अंधारात उसाच्या कडेला वाकून किंवा आडवं पडून बसू नका. बसलेला माणूस बिबट्याला उभ्या माणसासारखा मोठा दिसत नाही. गाडीत बसा, किंवा सरळ माळाच्या बाजूचं जिरायत रान निवडा.

अभयारण्यात का जाऊ नये, असं कोणी विचारेल. सुप्याजवळचं मयूरेश्वर, कर्जतचं रेहेकुरी, सोलापूरजवळचं नान्नज, सगळीकडे ससे आहेत. तिथे जरूर जा, पण नियमानं वाट सोडायची नसते, आणि तीच योग्य गोष्ट आहे. शिवारात मात्र रोज त्याच बांधावर बसता येतं, आणि सशाच्या बाबतीत हे 'रोज' फार मोलाचं.

बसायची रीत

खुणांवरून चरायची जागा ठरली, आता बैठक ठरवा. सूर्य पाठीशी असू द्या म्हणतात ते ठीक. पण सशाच्या बाबतीत मी सूर्य तिरका समोर घेतो, कारण उगवतीचं ऊन मागून आलं की त्याचे कान गुलाबी-केशरी पेटतात आणि त्यातल्या शिरा दिसतात. वारा सशाकडून तुमच्याकडे यायला हवा. फुफाटा चिमटीत घेऊन सोडा, कळेल. अंतर तीस-चाळीस मीटर पुरे, त्याहून जवळचा हव्यास पहिल्या महिन्यात नको.

मग सलग तीन-चार दिवस त्याच वेळी, त्याच बांधानं, त्याच चालीनं जा आणि त्याच जागी बसा. कॅमेरा पिशवीतच राहू द्या. बसताना ठरलेल्या जागेकडे सरळ चालत जा, मध्ये थांबू नका, वळून बघू नका. चालताना ससा दिसला तरी त्याच्याकडे टक लावू नका, डोळ्यांच्या कडेनं बघा आणि पुढे जा. पहिल्या दोन दिवशी काहीच दिसणार नाही, पण ससा तुम्हाला बघत असतो. चौथ्या दिवशी तुम्ही त्याच्या लेखी मोटर चालू करायला जाणाऱ्या मामाइतकेच बिनमहत्त्वाचे झालेले असता.

कपडे मळखाऊ रंगाचे, बस. झाडपाल्याच्या छापाच्या जॅकेटचं माझं आता शेतात चहाची किटली झाकायला काम होतं. बूट मात्र घोट्याच्या वर येणारे घाला. बांधाच्या दगडांत घोणस, फुरसं असतं, आणि आडवं पडायच्या आधी जागा काठीनं आपटून घ्या. कुसळीचं गवत असेल तर खाली पोतं अंथरा, नाहीतर मोज्यांतली कुसळं काढण्यात रविवार जाईल.

मोटारसायकल लांब लावा. चारचाकी असेल आणि पाणंदीतून जागेपर्यंत जात असेल तर गाडी हाच सगळ्यात चांगला आडोसा. इंजिन बंद, काच खाली, दार उघडायचं नाही. गाडीला ससा फारसा बुजत नाही. दार उघडून उतरलेल्या माणसाला मात्र लगेच बुजतो.

कॅमेऱ्याचं थोडं

लेन्स ४०० ते ६०० मिलीमीटरची हवी. ५०० मिलीमीटर लेन्स आणि लहान सेन्सरचा, म्हणजे एपीएस-सी, कॅमेरा धरला तर चाळीस मीटरवर चौकटीत जवळपास १.९ मीटर रुंदीचं रान मावतं. बसलेला ससा त्यात पाचव्या-चौथ्या भागाएवढा येतो. हे मला पुरेसं वाटतं. अवतीभवतीचे सड, बांध, करडईची पिवळी फुलं दिसली की तो शिवारातला ससा वाटतो. खर्च झेपत नसेल तर मोठ्या झूमचा एकसंध कॅमेरा, निकॉन पी९००सारखा, चांगल्या उजेडात बऱ्यापैकी काम देतो. उजेड गेला की त्याचाही जीव जातो. मोबाइलनं शिवाराचा फोटो काढा, सशाचा नको. जवळ जायचा मोह होतो.

तिकाटणं, म्हणजे ट्रायपॉड, विसरा. ससा जमिनीपासून वीतभर उंचीवर आहे, कॅमेराही तिथेच हवा. उभ्यानं काढलेल्या फोटोत ससा ढेकळासारखा दिसतो, त्याच्या डोळ्यांच्या उंचीवरून काढलेल्या फोटोत तो कोणीतरी असतो. मी जुन्या जीन्सचा पाय कापून दोन्ही टोकं शिवली आणि आत ज्वारी भरली. लेन्स त्यावर टेकवायची. पावसाळ्यात पिशवी बाहेर राहिली तेव्हा तिला कोंब फुटले, त्यामुळे आता आत प्लॅस्टिकची पिशवी घालतो.

बसलेल्या सशासाठी शटरचा वेग १/५०० सेकंदाच्या खाली नेऊ नका. कान आणि नाक सतत हलत असतात. पळत्यासाठी १/२०००. ॲपर्चर, म्हणजे उजेड आत घेणारं लेन्समधलं भोक, असेल तेवढं उघडं, एफ ५.६ किंवा ६.३. आयएसओ, म्हणजे कॅमेऱ्याची उजेडाला असलेली संवेदनशीलता, 'ऑटो' ठेवा, कमाल मर्यादा ३२०० किंवा कॅमेरा नवा असेल तर ६४००. दाणेदार फोटो चालतो, हललेला चालत नाही. ऑटोफोकसचा एकच बिंदू निवडा आणि तो डोळ्यावर ठेवा, नाहीतर कॅमेरा सशाऐवजी पुढच्या गवताच्या काडीवर प्रेम करत बसतो. प्राण्याचा डोळा ओळखणारा कॅमेरा असेल तर ती सोय वापरा, पण सडांमध्ये ती गोंधळते हे माहीत असू द्या. काळ्या रानात कॅमेरा फोटो उगाच उजळ करतो, तिथे एक्स्पोजर (फोटोचा उजळपणा) अर्ध्या-पाऊण स्टॉपनं, म्हणजे कॅमेऱ्यातल्या मापानं, कमी करा. मागून ऊन येत असेल तर थोडं वाढवा. शटरचा आवाज बंद होत असेल तर करा.

तो आला की

तो एकदम येत नाही. आधी बांधाच्या कडेला गवतात दोन कान उगवतात. मग काहीच नाही, पाच मिनिटं, दहा मिनिटं. या वेळी कॅमेऱ्याला हात लावायचा नाही, तो आधीच पिशवीवर, त्या दिशेला रोखून ठेवलेला हवा. मग ससा दोन छोट्या उड्या घेऊन पुढे येतो, पुढचे पाय टेकतो, मागचे ओढून घेतो, आणि चरायला लागतो.

आता कानांकडे बघा. दोन्ही कान मागे सैल पडलेत आणि तोंड चालू आहे: निवांत. एक कान तुमच्याकडे वळला: त्याला काहीतरी ऐकू आलंय, हालचाल बंद. दोन्ही कान उभे आणि चघळणं थांबलं: बोट शटरवर असलं तरी दाबू नका, अर्धा मिनिट जाऊ द्या. अंग खाली दबलं तर तो उठणार, आता काहीही करून उपयोग नाही.

चघळणं पुन्हा सुरू झालं की पहिला फोटो. एकच. कान वळला का बघा. नाही वळला तर आणखी दोन. पहिल्या आवाजाला तो दचकला नाही तर पुढे तुम्हाला भरपूर वेळ मिळतो. आणि नशीब जोरावर असेल तर तो अंग चाटायला बसतो. मागच्या पायांवर टेकतो, पुढचे दोन्ही पंजे तोंडावरून फिरवतो, मग एक कान पंजांनी खाली वाकवून त्याच्या टोकापर्यंत चाटत जातो, आपल्याकडे बायका ओले केस पुढे घेऊन पुसतात तसा. कान सोडला की तो उसळी घेऊन वर जातो. यासाठी सगळी पहाट घालवायला माझी ना नाही.

परत जाताना ससा समोर चरत असेल तर उठू नका. तो आपल्या वेळेनं जाईल. घाई असेल तर पहिल्या दिवशीच घरी सांगून या.

हे करू नका

गवतात सशाचं पिल्लू एकटं सापडलं तर ते टाकून दिलेलं नसतं. सशाची पिल्लं अंगावर केस आणि डोळे उघडे अशीच जन्मतात. आई मुद्दाम लांब राहते, म्हणजे तिच्या मागावर आलेला कोल्हा पिल्लापाशी पोचत नाही, आणि अंधार पडला की पाजायला येते. उचलून घरी आणलं, बाटलीनं दूध पाजलं, तर बहुतेक वेळा ते दगावतं. शिवाय १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं हा ससा संरक्षित आहे. त्याला पकडणं, पाळणं, मारणं गुन्हा आहे. पिल्लू नांगराच्या वाटेत असेल तर शेतकऱ्याला दोन तास ती कड सोडायला सांगा, बहुतेक ऐकतात. जखमी असेल तर वन विभागाच्या १९२६ या क्रमांकावर फोन करा.

रात्री जीपमधून झोत टाकून फोटो काढू नका. झोतात ससा गांगरून जागीच थिजतो, म्हणून तर शिकारीही तेच करतात, आणि गावानं तुम्हाला शिकारी समजलं तर चूक तुमची. ड्रोन नको, त्याच्या डोक्यावरची घिरटी म्हणजे मोरघार. खडे मारून, टाळ्या वाजवून उठवू नका. ससा बघायला कुत्रा सोबत नेणारा एक माणूसही मला भेटलाय.

बांधावर जाळी लावलेली दिसली तर स्वतः काढायला जाऊ नका, फोटो घ्या आणि वरच्याच क्रमांकावर कळवा. आणि आपला फोटो टाकताना गावाचं नाव लिहू नका, फोटोतली जीपीएसची नोंद काढून टाका. 'सुप्याजवळ' एवढंही मी इथे लिहिलं कारण सुप्याजवळ शंभर बांध आहेत.

माझा पहिला तोंडाचा फोटो मिळायला चौदा महिने लागले. फेब्रुवारीची सकाळ, अण्णांचं शाळवाचं मोकळं रान, ससा तिरका बसलेला, एक कान उभा, एक आडवा, डोळ्यावरून गवताची एक काडी गेलेली. तांत्रिकदृष्ट्या बरा आहे, इतकंच. तालुक्याला जाऊन मोठी प्रिंट काढली आणि अण्णांना नेऊन दिली. त्यांनी चष्मा लावला, बराच वेळ पाहिलं, आपला बांध ओळखला, बोट ठेवून शेजाऱ्याला दाखवला. मग प्रिंट उलटी करून मागची बाजू बघितली आणि मला विचारलं, "बैलाचा कुठाय?"